अठराची रिम ठेवू की सतराची घेऊ? मध्यम ऑफरोडिंगसाठी टायरचा साइज

रानवाट

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

गाडी शासीवाली फोर बाय फोर. कंपनीचे टायर २६५/६० आर १८, नक्षी हायवेची. रिम साडेसात इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) ३० मिमी. दहातले आठ किलोमीटर डांबरावर जातात, उरलेले दोन जंगलातल्या कच्च्या वाटा, कोरडी नदीपात्रं, पावसानंतरचा चिखल आणि कधीमधी वाळू. खडकांवर चढाया करायच्या नाहीत, स्पर्धांत उतरायचं नाही. गाडी संध्याकाळी स्वतःच्या चाकांवर घरी यावी, एवढंच मागणं आहे.

गेल्या दोन महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. एका ओढ्यातून वर येताना सुट्या गोट्यांवर मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि शेवटी दोर लावून ओढून घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी पुढचं डावं चाक दगडावर आदळलं. टायर वाचला, पण रिमचा काठ बोटभर लांबीत आत दबला. तेव्हापासून त्या चाकातली हवा रोज थोडी थोडी उतरते.

टायर तसेही बदलायला झालेत. माझ्यासमोर चार पर्याय आहेत: याच रिमवर याच साइजचे ऑल टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या नक्षीचे), सतराच्या रिमवर २६५/६५, सतराच्या रिमवर २६५/७०, किंवा दोन इंच लिफ्ट करून (सस्पेन्शन उंच करून) २८५/७० आर १७. बरोबरीचे सगळे २८५ घ्या म्हणतात. तुमचा अनुभव काय?

धुरळा

२८५. डोळे झाकून घ्या.

मी दोन वर्षं वापरतोय. नदीपात्रात पूर्वी जिथे पोट घासायचं तिथून आता आरामात निघतो. आणि एक लक्षात घ्या, नुसत्या लिफ्टने बॉडी वर जाते, मागचा अखंड अ‍ॅक्सल जिथल्या तिथेच राहतो. त्याच्या डिफचा (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा) भोपळा वर उचलायचा तर उंच टायरशिवाय दुसरा उपाय नाही.

मापाडी

लिफ्टबद्दल धुरळा म्हणतात ते शंभर टक्के खरं. पण 'उंच' म्हणजे किती उंच, ते एकदा मांडून बघू.

२६५/६० आर १८ मध्ये टायरची रुंदी २६५ मिमी, बाजूची भिंत तिच्या ६० टक्के म्हणजे १५९ मिमी, आणि रिम १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. भिंत वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून दोनदा धरायची. एकूण व्यास ७७५ मिमी.

त्याच हिशोबाने २६५/६५ आर १७ चा व्यास ७७६ मिमी. म्हणजे बाहेरून टायर तेवढाच, पण भिंत १७२ मिमी, १३ मिमी जास्त. २६५/७० आर १७ चा व्यास ८०३ आणि भिंत साधारण १८५. २८५/७० आर १७ चा व्यास ८३१, भिंत जवळजवळ २००.

आता डिफखालची जागा. व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मीच जागा मिळते. ८०३ च्या टायरने १४ मिमी, ८३१ च्या टायरने २८ मिमी. एवढ्यासाठी काय काय बदलावं लागेल ते प्रत्येकाने आपल्या वाटेवरचे दगड बघून ठरवावं.

चौथा गिअर

मी अगदी नवीन आहे, साधा प्रश्न विचारतो. मोठी रिम घेतली की गाडी उंच होते असं मला वाटायचं. तसं नाही का?

मापाडी

नाही. व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की रबराची भिंत तेवढी कमी होते. १८, २० इंची रिम दिसायला देखणी, आत मोठ्या ब्रेकला जागा, डांबरावर वळणात टायर कमी लचकतो. पण कच्च्या वाटेवर दगडाचा मार झेलते ती हवा आणि भिंत. ती १३ मिमी जास्त असती तर रानवाट यांचा रिमचा काठ कदाचित वाचला असता.

टोयोटा हायलक्स बघा, कंपनी २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ हे दोन्ही साइज देते. व्हेरियंट वेगळे, व्यास तोच.

जुना पान्हा

रानवाटताई, साइजचं नंतर बोलू. ओढ्यात अडकलात तेव्हा टायरमध्ये हवा किती होती?

रानवाट

३५ पीएसआय. रस्त्यावर ठेवते तेवढीच. कमी करायची असते हे ऐकून होते, पण परत भरायची सोय नव्हती म्हणून धाडस केलं नाही.

जुना पान्हा

मग तुमच्या टायरची परीक्षा अजून झालेलीच नाही.

टणक फुगवलेला टायर गोट्यांच्या टोकांवर उभा राहतो. चार-सहा टोकांवर सगळा भार, मग ते गोटे चाकाखालून मागे फेकले जातात आणि चाक फिरत राहतं. हवा कमी केली की रबर गोट्यांच्या मधे बसतं, दहा-वीस दगडांना एकदम धरतं. लोकांना वाटतं टायर पसरतो, रुंद होतो. तो रुंद थोडाच होतो, लांब जास्त होतो. मी एकदा सपाट फरशीवर टायरच्या पुढे-मागे पोस्टकार्ड सरकवून खुणा केल्या होत्या. ३५ ला टेकलेली लांबी १९ सेंटिमीटर भरली, २० ला २५. रुंदीत बोटभरही फरक नाही. रणगाड्याचा पट्टा जे करतो तेच थोडक्यात.

मी स्वतः ठेवतो ते आकडे देतो, गाडीच्या वजनाप्रमाणे थोडे बदलतील: खडीची सलग वाट असेल तर २६ ते २८, सुटे गोटे आणि नदीपात्र २० ते २२, मऊ वाळू १५ ते १८. साध्या रिमवर १५ च्या खाली जाताना फार जपायचं. तिरप्या उतारावर किंवा जोरात स्टेअरिंग कापलं तर टायर रिमवरून निसटतो. तिथे बीडलॉकची, म्हणजे टायरची कड आवळून धरणारी रिम लागते, ती तुमच्या कामाची नाही.

दोन पथ्यं आहेत. हवा कमी असताना वेग कमी ठेवायचा, कारण भिंत सारखी दुमडत राहते आणि तापते. आणि डांबर लागलं की आधी हवा भरायची. त्यामुळे पहिली खरेदी टायरची नको, बॅटरीवर चालणारा चांगला पंप आणि खात्रीचा गेज घ्या. मग त्याच ओढ्यावर परत जा. सोबत दुसरी गाडी मात्र असू द्या.

चिखलमाखी

पान्हाकाकांना +१००. हवा कमी करायला गाडी रुतायची वाट बघू नका. लोक आधी रुततात, मग चाकाखालची माती उपसतात, आणि हवा काढायचं सगळ्यात शेवटी आठवतं. कच्ची वाट सुरू होते तिथेच गाडी उभी करा, पाय मोकळे करा, चारही चाकांची हवा काढा.

वाळूघड्याळ

हे शहाणपण फार जुनं आहे. राल्फ बॅगनॉल्ड हे ब्रिटिश लष्करी अधिकारी १९३० च्या आसपास साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडले. त्या गाड्यांना फोर व्हील ड्राइव्हसुद्धा नव्हतं. टायरमधली हवा कमी करणं आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हाळी सरकवणं, या दोन गोष्टींवर त्यांनी वाळूचे समुद्र ओलांडले. आज आपण गाडीवर बांधतो त्या रिकव्हरी बोर्डांची आजी म्हणजे ती पन्हाळ.

वाळूत माझं एकच सांगणं असतं, टायर कितीचाही असो, थांबताना ब्रेक मारू नका. गाडी आपोआप थांबू द्या, म्हणजे चाकांपुढे वाळूचा बांध तयार होत नाही.

धुरळा

हवेचं मान्य, मीही कमी करतोच. पण पान्हाकाका, मोठा टायर हवा कमी केल्यावर आणखी लांब टेकतो. शिवाय उंच चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. हे फायदे कुठे गेले?

जुना पान्हा

कुठेही गेले नाहीत. फायदे खरेच आहेत. मी फक्त क्रम सांगतोय.

मापाडी

फायद्याच्या बाजूला खर्चही मांडतो. व्यास ७७५ वरून ८३१ म्हणजे सव्वासात टक्के वाढ. डिफचं गुणोत्तर ३.९ असेल तर ते ३.६४ असल्यासारखं वागतं. इंजिन तेच, गिअरबॉक्स तीच, पण प्रत्येक गिअर थोडा उंच झाला. लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या जास्त जोराच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) उतरताना इंजिन ब्रेकिंग कमी मिळतं, चढावर क्लच जास्त रगडला जातो. चाक जड झालं की ब्रेकवर ताण येतो आणि इंधनही जास्त जातं.

स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा चाकांच्या हिशोबाने गाडी १०७ च्या पुढे असेल. कंपन्या स्पीडोमीटर थोडा पुढे लावतात म्हणून त्यातलं काही झाकलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. हा नियम जिथे लागू आहे तिथे टायर वाढवताना याचा विचार करावाच लागतो. २६५/७० ला हा फरक साडेतीन टक्के आहे, तो बहुतेक गाड्या पचवतात.

तिरपी चाल

इथे ऑफसेटबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. माझं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं.

मीही सतराच्या रिम घेतल्या. साडेआठ इंच रुंद, ऑफसेट शून्य, कारण चाकं बाहेर आलेली भारदस्त दिसतात. आधीची रिम साडेसात इंच, ऑफसेट ३० होता. हिशोब करा: ऑफसेटमुळे चाक ३० मिमी बाहेर, वाढलेल्या एका इंचाचा निम्मा भाग पावणेतेरा मिमी बाहेर. एकूण जवळजवळ ४३ मिमी. स्टेअरिंग कापताना चाक ज्या बिंदूभोवती फिरतं त्यापासून ते तेवढं दूर गेलं, म्हणजे फिरताना मोठा घेर घेणार. परिणाम: पुढच्या चाकाची मागची कड बॉडीच्या माउंटवर घासायला लागली, तीही फक्त रिव्हर्समध्ये स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर. अंगणात गाडी फिरवून बघितली तेव्हा काहीच घासलं नव्हतं. खड्ड्यात एक चाक वर दाबलं गेलं आणि मग करकर ऐकू आली. पुढे व्हील बेअरिंग लवकर गेलं, स्टेअरिंगला हिसके बसायला लागले, आणि दारांवर खालपासून वरपर्यंत चिखलाचा सडा.

तेच टायर पुढे मूळ ऑफसेटच्या जवळच्या रिमवर चढवले, आता कुठेही घासत नाही. तेव्हा साइज कुठलाही घ्या, ऑफसेट मूळच्या आसपास ठेवा. पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) तर जुळलंच पाहिजे, मधलं भोकही हबवर नेमकं बसायला हवं, आणि नटची बैठक शंकूची आहे की सपाट तेही तपासा. चुकीच्या बैठकीचे नट कितीही आवळले तरी सैल होतात.

चौथा गिअर

घासतंय की नाही हे विकत घेण्याआधी कसं कळणार?

तिरपी चाल

कुणाकडून तरी त्या साइजचं एकच चाक तासाभरासाठी मागून घ्या. पुढे चढवा. लाइनरवर (चाकाच्या कमानीतल्या आतल्या आवरणावर), माउंटवर, आतल्या आर्मवर जिथे शंका येईल तिथे मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे चिकटवा. मग सपाट जागी, हळू, दुसऱ्या बाजूचं चाक उंचवट्यावर घ्या म्हणजे बॉडी कलून तुमचं चाक कमानीत दाबलं जाईल. तिथे स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापा, थोडं पुढे-मागे करा. खाली उतरून बघा. गोळा जितका चपटा झाला तितकीच जागा उरली, आणि त्यावर नक्षीचा ठसा उमटला असेल तर तो साइज घासणार. मग पुढच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तेच करा, जागा दोन्हीकडे सारखी नसते.

चिखलमाखी

हे फार कामाचं! वाखु (वाचनखूण) साठवली.

मी रुंदीबद्दल लिहिते. चिखल दोन तऱ्हेचा असतो. वर चार बोटं राड आणि खाली टणक जमीन असेल तर अरुंद टायर राड कापून खाली पोचतो आणि पकड घेतो. तळच नसेल तर रुंद टायर तरंगवतो, निदान थोडा वेळ. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला ६.००-१६ टायर असायचे, रुंदी जेमतेम सहा इंच, आणि ती गाडी कुठे कुठे गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. मध्यम वाटांवर पहिल्या जातीचा चिखल जास्त भेटतो. त्यामुळे उंची हवी तर घ्या, २८५ ची रुंदी तुम्हाला लागेल असं मला वाटत नाही.

नक्षीबद्दलही. मी तीन वर्षं मड टेरेन, म्हणजे खास चिखलाच्या नक्षीचे टायर वापरले. चिखलात टायर स्वतःला साफ करत जायचा, मन भरून यायचं. पण ओल्या डांबरावर ब्रेक लावला की पोटात गोळा. मोठे ठोकळे, मधे बारीक चिरा कमी, रस्त्याला रबर कमी टेकतं. दहातले आठ किलोमीटर डांबर म्हणताय ना? ऑल टेरेनच घ्या.

धुरळा

ओल्या रस्त्याचं खरं आहे. मीही मागच्या वेळी मड सोडून ऑल टेरेनवर आलो. २८५ मात्र सोडणार नाही. :)

जुना पान्हा

धुरळा, तुमच्या वाटा दगडांच्या आहेत, तुम्ही लिफ्ट नीट करून घेतली आहे, डिफचे गिअर बदलले आहेत. तुमच्या गाडीला तो साइज शोभतो. रानवाटताईंनी नुसता टायर उचलला तर बाकीचं सगळं मागून येईल आणि महागात पडेल.

चौथा गिअर

टायरवर १२१/११८ एस असं लिहिलेलं बघितलं, ते काय असतं?

मापाडी

पहिला आकडा भार. १२१ म्हणजे एका टायरला १४५० किलो, ११८ म्हणजे जोडचाकं असतील तेव्हा प्रत्येकी १३२०. एस म्हणजे ताशी १८० किमी पर्यंत. कारच्या जातीच्या टायरवर ११० किंवा ११२ दिसेल, म्हणजे १०६० किंवा ११२० किलो. नियम सोपा: मूळ टायरपेक्षा भाराचा आकडा खाली जायचा नाही.

मोठा आकडा चांगलाच असं मात्र नाही. एलटी म्हणजे हलक्या ट्रकच्या जातीचे टायर जाड आणि कणखर, भिंतीला चीर लवकर पडत नाही. पण ते जड असतात, मोकळ्या गाडीत कडक लागतात, आणि तेवढाच भार उचलायला त्यांना जास्त हवा लागते. दाराच्या चौकटीवरचा हवेचा आकडा मूळ टायरसाठी असतो, एलटीला तो तसाच लावू नका.

घेताना तारीखही बघा. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ २३२४, म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा.

वाळूघड्याळ

अवांतर: रिम लोखंडी घ्यावी का? लांबच्या प्रवासात वाकली तर हातोड्याने सरळ करून पुढे जाता येतं.

जुना पान्हा

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. लोखंड वाकतं, अलॉयला तडा जाऊ शकतो, हे खरं. आडबाजूला राहणाऱ्याला लोखंडी बरी. पण चांगली अलॉय रिम सहज तडकत नाही आणि बहुधा हलकी असते. मध्यम वापराला दोन्ही चालतात. भिंत उंच आणि हवा योग्य असेल तर रिमपर्यंत मार पोचायलाच नको.

चिखलमाखी

आणि स्टेपनी! पाचवं चाक त्याच साइजचं घ्या. पार्टटाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला असतो. एक चाक लहान असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) सतत पिळली जाते. पाचही चाकं फिरवत ठेवली की सारखी झिजतात.

रानवाट

दोन आठवड्यांनी परत येते आहे. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, आभार कसे मानू!

पंप आणि गेज घेतला. शनिवारी मैत्रिणीची गाडी सोबत घेऊन त्याच ओढ्यावर गेले. टायर तेच, झिजलेले, हायवेचे. काठ दबलेलं चाक काढून त्या जागी स्टेपनी चढवली होती. हवा २० केली, लो रेंज, दुसरा गिअर. गाडी त्या गोट्यांवरून थांबत-थांबत नाही, सलग वर आली. वर पोचल्यावर मी खाली उतरून मागे बघितलं. मागच्या वेळी चाकांनी खणलेले दोन खड्डे अजून तिथेच होते, आणि त्यांच्या शेजारून आत्ताचा टायरचा माग सरळ गेला होता. पान्हाकाका, तुमची फार आठवण झाली.

मग मातीचा प्रयोग. एका ओळखीच्यांनी २६५/७० आर १७ चं चाक दिलं. डावीकडे दोन बोटं जागा उरली, पण उजवीकडे मडफ्लॅपच्या मागे गोळा पुरता चपटा झाला आणि त्यावर नक्षीचे तीन ठोकळे स्पष्ट उमटले. तिथला लाइनर गरम करून मागे दाबता येईल असं ते म्हणाले. मी विचार केला, १४ मिमी साठी आज तरी नको. पोट घासणं ही माझी अडचण नव्हतीच, रिमला मार बसणं ही होती.

तर ठरलं: २६५/६५ आर १७ ऑल टेरेन, भाराचा आकडा ११२, पाच नग. रिम साडेसातच्या, ऑफसेट ३०. माझ्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला सतराची रिम येते आणि ब्रेक तेच आहेत, त्यामुळे कॅलिपरला लागण्याची भीती नाही.

धुरळा

उत्तम निवड. मी २८५ म्हणालो होतो, पण ठसा उमटल्यावर वाद संपला. नवीन चाकं चढवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट परत एकदा टॉर्कच्या पान्ह्याने तपासा.

तिरपी चाल

आणि त्या दबलेल्या रिमचं काय करणार? ठोकून सरळ केलेली अलॉय परत वेगात वापरू नका.

रानवाट

ती बाजूला काढली आहे, विकणार नाही. बाकीच्या चार अठराच्या रिम आणि त्यांचे टायर द्यायचे आहेत, टायर झिजलेत हे घेणाऱ्याला आधीच सांगेन. नटचं नोंदवून ठेवलं. पुढच्या महिन्यात वाळूत जाते आहे, वाळूघड्याळ, १८ पासून सुरुवात करू की थेट १५?

वाळूघड्याळ

१८. रुतायला लागली तर १६. आणि गेज थंड टायरवर लावा, उन्हात चालून आलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो.